३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी: कुठे जीव वाचवतो, कुठे कमी पडतो आणि कोणता घ्यावा

वितरण पेटीत एमसीबींची, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या खटक्यांची, रांग दिसली की घर शॉकपासून सुरक्षित आहे, असा समज फार पसरला आहे. तो चुकीचा आहे, म्हणून आरसीसीबीच्या, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचच्या, परीक्षणाची सुरुवात एमसीबीपासूनच करावी लागते. 'सी' प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. 'बी' प्रकारचा असला तरी ४८ ते ८०. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाचा हात २३० व्होल्टच्या फेजला लागला, तर त्याच्या अंगातून साधारण ०.२ अँपिअर जातो. त्या माणसाचा जीव जात असताना एमसीबीच्या लेखी कुठेतरी ४५ वॅटचा एक दिवा जास्त लागलेला असतो, इतकेच. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी त्या पेटीत आरसीसीबी लागतो, आणि तो नसेल तर दुसरे काहीच नसते.

आरसीसीबी करंट किती वाहतो हे मोजत नाही, गेलेला करंट परत आला का हे बघतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या आत एका चुंबकीय कड्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात आणि कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेढ्यात काहीच उमटत नाही. थोडासा करंट अंगातून किंवा यंत्राच्या पत्र्यातून जमिनीत निघून गेला, तर परतीचा तेवढा कमी भरतो. त्या फरकाने तिसऱ्या वेढ्यात व्होल्टेज येतो, चुंबकाने धरून ठेवलेला नाजूक रिले सुटतो आणि ताणलेली स्प्रिंग फेज व न्यूट्रल दोन्ही तोडते. ४० अँपिअर वाहत असताना ०.०३ अँपिअरची तूट ओळखायची, तीही चांगल्या बनावटीत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सशिवाय. वितरण पेटीतली इतकी बारीक कारागिरी दुसऱ्या कुठल्याही वस्तूत नाही.

बरेच जण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. मूळचा ईएलसीबी वेगळा होता. तो अर्थिंगच्या तारेवर चढलेला व्होल्टेज पाहून पडायचा, त्यामुळे माणसातून थेट जमिनीत गेलेला करंट त्याला दिसतच नसे. जुन्या पेटीत असा नग असेल आणि अर्थिंगची वायर त्याच्या टर्मिनलमधून गेलेली असेल, तर त्याला आरसीसीबी समजू नका. तो बदलायचा.

३० मिलिअँपिअर हा आकडा आणि माणसाचे शरीर

या उपकरणाचे मोल ठरवायचे तर त्याचे आकडे शरीराच्या आकड्यांशेजारी ठेवावे लागतात. ५० हर्ट्झचा एसी करंट साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला जाणवतो. थोडा वाढला की मुंग्या, मग वेदना. १० मिलिअँपिअरच्या आसपास पकड सुटेनाशी होते. हाताच्या पुढच्या भागातले मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात आणि करंट दोघांनाही एकाच वेळी आवळतो, त्यामुळे मूठ मिटते आणि तार घट्ट धरली जाते. माणूस 'चिकटतो' तो असा, वीज त्याला ओढत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल यांनी यावर मोजमापे केली. पकड सोडता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर आली. जवळजवळ सगळ्यांना सोडता येईल अशी मर्यादा मात्र ९ आणि ६ निघाली. मुलांची त्याहून कमी धरतात.

२० मिलिअँपिअरच्या पुढे छातीचे स्नायू आखडू लागतात आणि श्वास अडतो. ४०-५० मिलिअँपिअर काही सेकंद छातीतून गेला, तर हृदय फडफडायला लागू शकते. या अवस्थेला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात: हृदयाचे स्नायू एकत्र आकुंचन न पावता सुटेसुटे थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. करंट बंद केला तरी ही थरथर सहसा आपोआप थांबत नाही. शॉकने होणाऱ्या मृत्यूंचे मुख्य कारण हेच आहे.

आता वेळेकडे बघू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक छोटा काळ असतो, ठोक्याच्या दहा ते वीस टक्के, ज्यात हृदयाचे काही स्नायू सावरलेले असतात आणि काही नसतात. करंट त्या क्षणी मिळाला तर फिब्रिलेशनचा धोका सर्वाधिक. ठोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतो. शॉक दोन-तीन सेकंद टिकला तर तो नाजूक काळ त्यात हमखास येतो, आणि प्रत्येक जादा ठोक्याबरोबर हृदय अधिक हळवे होत जाते. शॉक ४० मिलिसेकंदांत तुटला, तर तो काळ बहुधा चुकतो आणि फिब्रिलेशनसाठी लागणारा करंटही कित्येक शे मिलिअँपिअरवर जातो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१००८ नुसार आरसीसीबीने आपल्यावर लिहिलेल्या गळतीच्या करंटला ३०० मिलिसेकंदांत, दुपटीला १५० मध्ये आणि पाचपटीला ४० मध्ये तुटले पाहिजे. अंगातून २०० मिलिअँपिअर जात असेल, तर ते ३० च्या पाचपटीहून जास्त आहे, म्हणून ४० मिलिसेकंद. हे आकडे शरीराच्या या घड्याळावर बेतलेले आहेत.

इथेच एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. आरसीसीबी करंट ३० मिलिअँपिअरवर रोखत नाही. फेजला हात लागला की पहिल्या क्षणापासून पूर्ण करंट अंगातून जातो, २०० असेल तर २०० च. हे उपकरण फक्त त्याची मुदत कापते. झटका बसतो, जोरात बसतो, दुखतो. शिडीवर उभा माणूस त्याने खाली पडू शकतो, आणि पडण्याची इजा आरसीसीबीच्या कक्षेत येत नाही.

शरीराचा रोधही ठरलेला नसतो. एका हातातून दुसऱ्या हातापर्यंत, कोरड्या कातडीने, २३० व्होल्टला तो सर्वसाधारणपणे हजार ते दीड हजार ओहम येतो. कातडी ओली, घामेजलेली किंवा फाटलेली असेल तर आतल्या शरीराचाच रोध उरतो आणि तो आणखी कमी असतो. वाटही महत्त्वाची. डाव्या हातातून पायांकडे जाणारा करंट हृदयाला जेवढा धोका देतो, तेवढाच करंट हातातून हातात गेला तर धोका साधारण ०.४ पट धरतात, आणि डाव्या हातातून छातीकडे गेला तर दीडपट. म्हणून जुने जाणते वायरमन चालू पॅनलजवळ डावा हात मागे ठेवतात. ती सवय अगदी बरोबर आहे, पण आरसीसीबीच्या जागी ती चालणार नाही.

१५ आणि ३० च्या मधली जागा

मानकानुसार ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ पर्यंत पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो पडेल किंवा पडणार नाही, दोन्ही नियमात बसते. प्रत्यक्षात चांगले नग २० ते २६ च्या दरम्यान पडतात. आता हे पकड सुटण्याच्या आकड्याशेजारी ठेवा. पायात रबरी चप्पल, जमीन अर्धवट कोरडी, अंगातून १६ मिलिअँपिअर: हात सुटत नाही आणि आरसीसीबी पडत नाही. अशा स्थितीत घाम वाढतो, रोध घटतो, करंट चढतो आणि मग तो पडतो, पण तोवर माणूस वेदनेत अडकलेला असतो. या उपकरणाविरुद्धची सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे. अमेरिकेत याच कामाचे जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरला पडते, म्हणजे पकड सुटण्याच्या मर्यादेच्या आत. तिथे ते सहसा एकेका सॉकेटपाशी असते, त्यामुळे इतका बारीक आकडा परवडतो. अख्ख्या घरावर ५ मिलिअँपिअर लावला तर तो दिवसभर पडत राहील.

तोडगा असा: संपूर्ण घराला ३० आणि न्हाणीघराच्या सॉकेटला किंवा गिझरच्या लाइनला वेगळा १० मिलिअँपिअरचा. १० चा नग ५ ते १० मध्ये पडतो. एकाच यंत्राच्या लाइनवर तो व्यवस्थित चालतो. फक्त गिझरची कॉइल जुनी झाली असेल तर तिच्यातल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत ओल शिरते आणि गळती वाढते, मग हा आरसीसीबी पडतो. तेव्हा कॉइल बदलायची, आरसीसीबी नाही.

१०० आणि ३०० मिलिअँपिअरचे नग दिसायला हुबेहूब असतात. ते आगीपासून बचावासाठी आणि मोठ्या इमारतीत मुख्य जागी लावण्यासाठी आहेत. माणसाला थेट स्पर्शापासून ते वाचवत नाहीत. नगावर ०.१ किंवा ०.३ अँपिअर लिहिलेले असेल, तर त्याच्यापुढे घरासाठी ०.०३ चा दुसरा नग हवाच.

प्रकार: 'एसी' की 'ए'

इथे आमचे मत स्पष्ट आहे. आज नवा घ्यायचा असेल तर 'एसी' प्रकार घेऊ नये, 'ए' घ्यावा. 'एसी' प्रकार फक्त गुळगुळीत एसी गळती ओळखतो. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, एलईडीचे ड्रायव्हर, संगणक या सगळ्यांच्या आत रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, असतो. त्याच्या पुढे कुठे गळती झाली तर ती अर्ध्या लाटांची किंवा डीसी मिसळलेली असते. 'एसी' प्रकाराचा गाभा, म्हणजे आतले कडे, अशा डीसीने चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि मग खरी एसी गळतीही त्याला दिसेनाशी होते. म्हणजे एका यंत्रातल्या बिघाडाने अख्ख्या घराचे संरक्षण आंधळे होऊ शकते. 'ए' प्रकार अर्ध्या लाटा ओळखतो आणि ६ मिलिअँपिअरपर्यंतचा सरळ डीसी सोबत असला तरी काम करतो. त्यापुढचा 'एफ' १० मिलिअँपिअरपर्यंतचा डीसी सोसतो आणि वेग बदलणाऱ्या मोटरींसाठी बरा. विजेच्या गाडीच्या चार्जरसाठी, चार्जरमध्येच डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल तर, 'बी' लागतो.

खूण अंगावरच छापलेली असते. चौकटीत नुसती एक पूर्ण लाट असेल तर 'एसी'. लाटेखाली अर्ध्या लाटांची ओळ असेल तर 'ए'. पूर्ण लाट, अर्ध्या लाटा आणि शिवाय सरळ रेषा असेल तर 'बी'. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा या छोट्या चौकटीवर विश्वास ठेवावा.

आत इलेक्ट्रॉनिक्स आहे का?

हा प्रश्न दुकानात क्वचित कोणी विचारतो, आणि आमच्या मते तो ब्रँडपेक्षा महत्त्वाचा आहे. स्वस्त नगांमध्ये रिले सोडण्याचे काम छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट करते आणि त्याला चालायला फेज व न्यूट्रल दोन्ही लागतात. पेटीच्या अलीकडे न्यूट्रल तुटला तर घरात काहीच चालत नाही, लोकांना वाटते वीज गेली, पण फेज जिवंत असतो. त्या क्षणी कोणी सॉकेट उघडले तर असा आरसीसीबी झोपलेला असतो. इलेक्ट्रोमेकॅनिकल नग गळतीच्या करंटच्याच जोरावर सुटतो, त्याला न्यूट्रल असण्याची गरज नाही.

ओळखायचे दोन मार्ग. नगावर छापलेली सर्किटची आकृती बघा: कड्याच्या वेढ्यापासून थेट रिलेपर्यंत रेघ असेल तर इलेक्ट्रोमेकॅनिकल, मध्ये त्रिकोण किंवा चौकोन असून त्याला फेज-न्यूट्रलच्या रेघा जोडलेल्या असतील तर इलेक्ट्रॉनिक. दुसरा मार्ग, नग सुटा आणि कुठेही जोडलेला नसताना: खटका वर करा, दीड व्होल्टचा सेल घ्या, त्याला दोन वायरी लावून एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. इलेक्ट्रोमेकॅनिकल नग टक्कन पडतो. पडला नाही तर सेल उलटा करून पुन्हा करा. दोन्ही बाजूंनी न पडणारा नग बहुधा इलेक्ट्रॉनिक असतो.

आरसीसीबी, आरसीबीओ, की प्लगमध्ये लावायचा?

साध्या आरसीसीबीत ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण नसते. ४० अँपिअर लिहिले आहे याचा अर्थ तो ४० वाहू शकतो. ५० झाल्यावर तो पडत नाही, तापतो. म्हणून त्याच्या साखळीत ४० किंवा कमी अँपिअरचा एमसीबी लागतोच. ६३ चा एमसीबी आणि ४० चा आरसीसीबी ही जोडी बऱ्याच पेट्यांत दिसते आणि ती चूक आहे. आरसीबीओमध्ये दोन्ही कामे एकात असतात. प्रत्येक लाइनला एक आरसीबीओ दिला की एका यंत्राच्या बिघाडाने अख्खे घर अंधारात जात नाही, दोष कुठे आहे ते लगेच कळते आणि सगळ्या यंत्रांची बारीकसारीक गळती एकाच नगावर साचत नाही. खर्च वाढतो, पेटीत जागा लागते. तरी नवी वायरिंग होत असेल तर आमची पसंती निःसंशय याला. एकपोली आरसीबीओ घेताना मात्र तो न्यूट्रल तोडतो की नुसता फेज, हे बघून घ्यावे.

प्लगमध्ये लावायचे किंवा एक्स्टेंशनमध्ये बसवलेले नग भाड्याच्या घरात, बागेत, ड्रिलसारख्या हातातल्या यंत्रासाठी कामाचे आहेत. ते बहुतेक इलेक्ट्रॉनिक असतात आणि बरेचसे वीज जाऊन आली की हाताने पुन्हा चालू करावे लागतात. फ्रीजला असा लावू नये, कारण तुम्ही बाहेर असताना फ्रीज बंद राहील.

बसवताना काय चुकते

ताज्या बसवलेल्या आरसीसीबीबद्दलच्या तक्रारी बहुतांशी उपकरणाच्या नसून न्यूट्रलच्या असतात. आरसीसीबीतून बाहेर पडलेला न्यूट्रल पुढे कुठेही दुसऱ्या न्यूट्रलला किंवा अर्थिंगला जोडला जाता कामा नये. जुन्या घरात दोन खोल्यांचा न्यूट्रल एकत्र मुरगळलेला असतो. मग एका खोलीचा करंट दुसऱ्या वाटेने परततो आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. जिन्याच्या दोन स्विचांच्या दिव्यात फेज एका लाइनचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा, हाही नेहमीचा प्रकार. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना एकमेकींना जोडणारे अजून सापडतात. आरसीसीबी लावताच असे सॉकेट उघडकीला येते, आणि लोक सॉकेट दुरुस्त करण्याऐवजी आरसीसीबी काढून टाकतात. यासारखी धोकादायक दुरुस्ती दुसरी नाही. न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटला लावलेल्या यंत्राच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर आणखी एक सापळा आहे. मुख्य आरसीसीबी इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या दोषाने पडला, की इन्व्हर्टरला वाटते वीज गेली, आणि तो त्याच दोषी लाइनला बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवतो. इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा आणि त्या बाजूच्या न्यूट्रल-अर्थ जोडणीबाबत इन्व्हर्टरच्या उत्पादकाने दिलेली आकृती काटेकोर पाळावी, कारण आउटपुट जमिनीपासून पूर्ण सुटा असेल तर आरसीसीबीला गळतीची वाटच मिळत नाही.

चार पोलचा (तीन फेज आणि न्यूट्रलसाठीचा) नग एक फेजवर वापरायचा असेल तर चाचणीचे बटण कोणत्या पोलांमध्ये जोडले आहे ते आकृतीत पाहून त्याच पोलांतून वायर न्यावी. नाहीतर संरक्षण चालते पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही. टर्मिनलचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या जोराने आवळावेत, सहसा तो २ ते २.५ न्यूटन-मीटर असतो. सैल स्क्रूखाली वायर तापते आणि नगाचा कोपरा तपकिरी पडतो.

अर्थिंग नसेल तर आरसीसीबी चालतो का? चालतो, पण उलट्या क्रमाने. अर्थिंग चांगले असेल तर यंत्रात दोष होताच करंट अर्थच्या तारेने जातो आणि कोणी हात लावण्याआधी आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर फेज तसाच बसून राहतो आणि पहिला हात लावणाराच गळतीची वाट बनतो. तो बहुधा वाचेल, पण झटका खाऊन. अर्थिंगचा रोध थोडा जास्त असला तरी चालते: ५० व्होल्ट भागिले ०.०३ अँपिअर म्हणजे सुमारे १६६६ ओहम, इतक्या वाईट अर्थिंगवरही तो पडतो. म्हणून काय तसे अर्थिंग ठेवावे असे नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की तो रोध कित्येक पटींनी चढतो.

आणि एक जागा अशी, जिथे हे उपकरण काहीच करू शकत नाही: एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल, पाय लाकडी फळीवर. करंट फेजने येतो, छातीतून जातो आणि न्यूट्रलने पूर्ण परततो. कड्याच्या दृष्टीने हिशेब जुळलेला असतो. माणूस आणि दिवा यांतला फरक त्याला कळत नाही. 'आरसीसीबी आहे, चालू लाइनवर हात घाल' असे म्हणणाऱ्याचे कधीही ऐकू नये.

सारखा पडतो, आता काय?

आधी हे मान्य करावे की तो बहुतेक वेळा बरोबर असतो. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याच्याने पडला त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, स्विच बंद करून चालणार नाही, आणि मग एकेक यंत्र लावा. सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी उभा राहत नसेल, तर दोष न्यूट्रलमध्ये आहे, कारण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडवायची आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) अर्थशी रोध मोजायचा. त्याआधी इलेक्ट्रॉनिक यंत्रे काढून ठेवायची, नाहीतर ती जळतील. १ मेगाओहमपेक्षा कमी आला तर ती वायर संशयित. ओल उतरलेल्या भिंतीतली वायर पावसाळ्यात ०.०५ दाखवते आणि उन्हाळ्यात २०, म्हणून 'कधीकधी पडतो' ही तक्रार हवामान बघून तपासावी.

एकही दोष सापडला नाही तर साचलेली गळती बघा. संगणक, टीव्ही यांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, आणि ते चांगल्या स्थितीतही अर्धा-एक मिलिअँपिअर अर्थला सोडतात. अशी दहा-बारा यंत्रे एका नगावर आली की तो १५ च्या उंबरठ्यावर बसतो आणि छोट्याशा झटक्याने पडतो. नेहमीची गळती ३० च्या तीस टक्क्यांत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी. गळती मोजायचा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावला की ती थेट दिसते. याच कपॅसिटरमुळे अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात: तिथे साधारण निम्मा व्होल्टेज बसलेला असतो. आरसीसीबी त्यावर पडत नाही आणि पडूही नये. तिथे अर्थिंगच दुरुस्त करायचे असते.

झटका बसलाच तर

आरसीसीबी असताना माणूस सहसा आपोआप सुटतो. नसेल तर आधी मेन पाडायचा, त्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर लगेच मदत बोलवा आणि छातीच्या मध्यावर ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्या. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांमागे २ श्वास. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र, मिळाला तर विनाविलंब लावा. फिब्रिलेशन त्यानेच मोडते, आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. माणूस शुद्धीवर असला तरी चक्कर आली असेल, छातीत धडधड असेल, भाजले असेल किंवा बाई गरोदर असेल तर ईसीजी काढायलाच हवा. कातडीवरचा डाग छोटा दिसतो, पण करंट आतल्या स्नायूंतून गेलेला असतो. जास्त भाजले असेल तर तुटलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडे बंद पाडू शकते. लघवी गडद लालसर-तपकिरी झाली तर तो इशारा समजावा.

बटण

पुढच्या 'टी' बटणाने आतला एक रोध जोडला जातो आणि त्यातून जाणारा करंट कड्याला चुकवून परततो, म्हणजे खोटी गळती तयार होते. त्याने कडे, रिले आणि स्प्रिंग तपासली जाते. तुमचे अर्थिंग तपासले जात नाही, आणि किती मिलिसेकंदांत पडला हेही कळत नाही. तरी महिन्यातून एकदा ते दाबावे, कारण वर्षानुवर्षे न हललेला रिले धूळ आणि घट्ट झालेल्या वंगणाने अडकतो आणि हलवत राहिलेला सहसा अडकत नाही. दाबण्याआधी संगणक बंद करावा, एवढेच.

नवी वायरिंग झाल्यावर आणि पुढे काही वर्षांनी आरसीडी टेस्टरने, म्हणजे आरसीसीबी तपासणाऱ्या मीटरने, मोजमाप करून घ्यावे. निम्म्या करंटला पडू नये, पूर्ण करंटला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपटीला ४० च्या आत पडावा. प्रत्येक चाचणी ० आणि १८० अंश अशा दोन्ही अर्ध्या लाटांवर घ्यायची आणि दोन्हींतला जास्तीचा आकडा लिहून ठेवायचा. चांगला नग पूर्ण करंटलाही २० ते ४० मिलिसेकंदांत पडतो. मागच्या वेळी २५ होते आणि या वेळी १८० आले, तर तो नियमात बसतो, पण तो आम्ही ठेवणार नाही. बटण दाबल्यावर एकदा पडला नाही आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर पडला, असा नगही त्याच दिवशी बदलावा. शॉक लागतो तेव्हा दुसऱ्यांदा दाबायला कोणी नसते.